आधी घसा, मग अक्षर

पोरी, हर्गेसाच्या रुग्णालयाचं पत्र आलं, तिकीटही निघालं. सामानाची यादी तुझी आई करीलच. मी तुझ्याशी बोलणार आहे ते फक्त तोंडाबद्दल आणि कानाबद्दल. सोमाली भाषेचं व्याकरण तिथे गेल्यावर हळूहळू उलगडेल, शब्द वॉर्डात रोज पदरात पडतील. पण उच्चार सुरुवातीला जसे बसतात तसेच पुढे राहतात, मग कितीही वर्षं राहा. म्हणून जायच्या आधी घसा तयार कर.

पहिलं सांगणं असं, की सोमालीचं पुस्तक एवढ्यात उघडू नकोस. ही भाषा रोमन लिपीत लिहितात, आणि आपला डोळा इंग्रजीवर वाढलेला. पानावर एक्स दिसला की तुझं तोंड ‘क्स’ म्हणणार, सी दिसला की ‘क’ किंवा ‘स’, आणि डी-एच दिसला की ‘ध’. यातलं एकही सोमालीत खरं नाही. त्या लिपीची हकीकत ठाऊक असली की हा घोळ कमी होतो. सोमाली लोक आपली कविता, करार, वंशावळ्या शतकानुशतकं मुखोद्गत ठेवत आले. अरबी लिपीत लिहिणारे मौलवी होते, उस्मान यूसुफ केनादीद यांनी १९२०च्या सुमारास घडवलेली उस्मानिया लिपी होती, बोरामा गावात तयार झालेली आणखी एक होती. अखेर २१ ऑक्टोबर १९७२ रोजी मोगादिशूच्या सरकारने रोमन लिपी अधिकृत केली. अक्षरांवर कुठे टिंब, टोपी, रेघ चढवायची नाही असं ठरलं, म्हणजे कुठल्याही साध्या टंकयंत्रावर सोमाली लिहिता येईल. मग रोमनमधली जी अक्षरं रिकामी होती त्यांना नवी कामं वाटून दिली: एक्सला घशातला एक वर्ण दिला, सीला दुसरा. १९७४ साली शाळा बंद ठेवून हजारो विद्यार्थी आणि शिक्षक खेड्यापाड्यांत, उंटांच्या तळांवर लोकांना वाचायला शिकवत फिरले. तुझ्या वॉर्डात येणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणी तेव्हाच अक्षर शिकलेलं असेल. त्यांना भाषा आधी आली, लिपी नंतर. तूही त्याच क्रमाने जा.

तोवर एक वही कर आणि ऐकलेलं देवनागरीत लिही. मराठीत नसलेल्या वर्णांना खाली टिंब दे. मी असं लिहायचे: एक्सचा तो ह़, सीचा तो अ़, क्यूचा तो क़, के-एचचा तो ख़. डी-एचला टिंब नको, तो आपला ड आहे. पुढे मी याच खुणांनी लिहिते, म्हणजे तुला त्यांची सवय होईल.

या ड पासूनच सुरुवात कर, कारण तो तुला फुकट मिळालाय. युरोपातून आलेल्या डॉक्टरांना जीभ टाळ्याकडे वळवायला शिकताना मी घाम गाळताना पाहिलंय. मराठी माणसाला तो उपजत येतो. ‘डीग’ म्हणजे रक्त, ‘डेग’ म्हणजे कान, ‘फडीसो’ म्हणजे बसा. ‘फडीसो’मधला ड दोन स्वरांमध्ये आलाय, तिथे तो आपल्या ‘घोडा’, ‘गाडी’तल्यासारखा जिभेचा हलका फटका देऊन जातो; मुद्दाम काही करावं लागत नाही. त्यांचा द आपल्या द सारखा दातांचा आहे. म्हणून ‘दल’ म्हणजे देश आणि ‘डल’ म्हणजे बाळाला जन्म देणं, किंवा ‘दुल’ म्हणजे वरची बाजू आणि ‘डुल’ म्हणजे जमीन, हे फरक तुझ्या तोंडी पहिल्या दिवसापासून स्वच्छ येतील. अट एकच, डोळ्याने ‘ध’ वाचायचा नाही. सोमालीत ध, भ, घ, ख यांतलं काही नाही. आणि दक्षिणेकडचे लोक शेवटचा ड मऊ करून र म्हणतात: उत्तरेत मुलगी ‘गबड’, मोगादिशूकडे ‘गबर’. हर्गेसात तू ‘गबड’च म्हण.

प आणि च त्यांच्याकडे नाहीत. आपली चपाती तिथे ‘जबाती’ झालीय आणि भजी ‘बजिये’ नावाने चवळीची होऊन बसलीत. तुझं पुणं त्यांच्या तोंडी ‘बुने’ होईल, ते ‘बुने’च राहू दे. उलट त्यांचा ज कधी कधी तुला च सारखा ऐकू येईल, आणि दोन स्वरांमधला ब इतका सैल येईल की ‘लबा’, म्हणजे दोन, हा शब्द ‘लवा’ वाटेल. हे ऐकण्यापुरतं लक्षात ठेव. बोलताना तू ब म्हटलास तरी कुणाचं अडत नाही.

आता घशाकडे ये. इथे वेळ घालवलास तर पुढचं सगळं सोपं होतं.

सोमालीत ह दोन आहेत. एक आपलाच, ‘हो’तला, मोकळा. दुसरा ह़, तो जिभेच्या मुळाशी घसा आवळून काढलेला. कसा काढायचा ते सांगते. आधी मोठ्याने कुजबुजत ‘हाऽ’ म्हण. मग जिभेचं टोक जिथल्या तिथे ठेवून तिचं मूळ मागे ओढ, घशाची वाट अरुंद कर आणि तोच श्वास त्या अरुंद वाटेने सोड. आवाज कोरडा, धारदार होतो, पण घरघर नको. घरघर आली म्हणजे तू ख़ वर गेलीस. तो पडजिभेपाशी घासतो, ह़ त्याच्याही खालचा. कंठमण्यावर दोन बोटं ठेवून बघ, ह़ म्हणताना कंप लागता कामा नये. पहिल्या दिवशी नुसता ह़, दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे आ, मग शब्दाच्या शेवटी. शेवटचा सगळ्यात कठीण, कारण मराठीत आपण शेवटचा ह गिळून टाकतो किंवा त्याला एक स्वर चिकटवतो.

शेवटच्या ह़ साठी वेगळा अभ्यास नको, सकाळचा नाश्ता पुरे. चहाला ते ‘शाह’ म्हणतात, शेवटी साधा ह, पण ऐकू येईल असा. त्याबरोबर खातात तो जाळीदार आंबवलेला पोळा ‘लह़ोह़’, त्यात दोन्ही ह घशातले. ‘सुबह़ वनाग्सन’ म्हणजे सुप्रभात. शाह आणि लह़ोह़ रोज मागून घे, आठ दिवसांत देणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरूनच कळेल. वॉर्डात तर ‘मदह़’ म्हणजे डोकं आणि ‘ह़नून’ म्हणजे दुखणं. डोकेदुखीला ‘मदह़ ह़नून’, दोन ह़ अंगावर अंग टाकून. दिवसातून किती वेळा म्हणावं लागेल ते मोजू नकोस.

दोन ह वेगळे ठेवायला आपल्या मराठीचीच मदत घे. अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले कितीतरी शब्द आपण वापरतो. तेच शब्द सोमालीत थेट अरबीतून आले आणि घशासकट आले. हिशोब, हक्क, हुकूम, हाल, हलवा: आपण सगळीकडे एकच ह म्हणतो, ते ‘ह़िसाब’, ‘ह़क़’, ‘ह़ुकुन’, ‘ह़ाल’, ‘ह़लवो’ म्हणतात. हवा मात्र त्यांच्याकडेही साधीच, ‘हवो’. हलव्याला घसा लागतो, हवेला लागत नाही, एवढं पाठ कर. पेशंटच्या वहीतली नावंही अशीच लाव: ‘होदन’, ‘हिबो’ साध्या ह च्या, ‘ह़लीमो’, ‘ह़ावो’ घशातल्या, आणि ‘मह़मेद’ तर दर पानावर असेल. ‘हल’ म्हणजे एक, किंवा उंटीण, आणि ‘ह़ल’ म्हणजे तोडगा, अशा जोड्या चालताना पुटपुटत राहा.

अ़ हा याहून अवघड, आणि मला सगळ्यात प्रिय. रोमनमध्ये तो सी ने लिहितात आणि परके लोक तो गाळूनच टाकतात. नकाशावर ‘बुराओ’ लिहिलंय ते गाव ‘बुरओ़’ आहे. ‘लास अनोद’ लिहिलंय ते ‘लासआ़नोद’, दुधाची विहीर. दूध ‘आ़नो’. अ़ गाळलास तर उरतो ‘आनो’, म्हणजे खुनाबद्दल घेतलेला सूड. बाळंतिणीला दूध येतंय का असं विचारताना हा फरक तुझ्या तोंडात पक्का असायला हवा.

तो काढायचा कसा? तुझ्या हातात रोज असते ती घसा बघायची लाकडी पट्टी घे. आरशासमोर बसून जिभेच्या मागच्या भागावर ती हलकेच दाब आणि ‘आऽ’ म्हण. उमळा येण्याआधीच्या क्षणी घशाच्या भिंती जवळ येतात आणि आवाज आवळल्यासारखा, किंचित करकरता येतो. अ़ ची जागा तीच. जागा कळली की पट्टी बाजूला ठेव आणि पट्टीशिवाय तिथे जा. दुसरा मार्ग असा: गाताना जातेस तशी खर्जाच्या खाली खाली जा, आवाज तुटून करकरायला लागेल, त्या करकरीत घसा थोडा आवळ. कंठमण्यावर बोटं ठेव, आता कंप लागलाच पाहिजे. ह़ आणि अ़ एकाच जागेचे आहेत, पहिला बिनआवाजी, दुसरा आवाजी. म्हणून आधी ह़ पक्का कर, आणि तो ताणून धरलेला असताना आवाज चालू कर. बऱ्याच जणांना अ़ असाच सापडतो.

पुढची गोष्ट मनावर घे, कारण शिकणारे इथेच वाया जातात. जागा सापडली की माणूस अ़ इतक्या जोरात काढतो की ऐकणाऱ्याला वाटावं याला बरं वाटत नाहीये. सोमाली माणसाचा अ़ मऊ असतो, बोलण्याच्या ओघात तो जेमतेम एक आवळणं असतो. सरावाला जोर लावलास तर लाव, पण माणसाशी बोलताना निम्मा कर, मग त्याच्याही निम्मा. घसा दुखायला लागला की त्या दिवसापुरतं थांब. थोडं थोडं, दिवसातून अनेकदा, असाच हा अभ्यास होतो. तासभर बसून होत नाही.

अ़ ला आपण स्वर समजतो, कारण आपल्याकडे त्याची जागा अ ने घेतलीय: अक्कल त्यांची ‘अ़क़ली’, अरब त्यांचा ‘अ़रब’. सोमाली कानाला मात्र तो पक्कं व्यंजन आहे, क किंवा म इतकाच. याचा पुरावा त्यांच्या कवितेत आहे. सोमाली कवितेत अनुप्रास हा दागिना नसून पायाच असतो. सुरुवातीला कवीने जो वर्ण धरला त्याच वर्णाने सुरू होणारा शब्द प्रत्येक ओळीत आलाच पाहिजे, मग कविता शंभर ओळींची का असेना. स्वर सगळे एकमेकांशी जुळतात, अ ला उ चालतो, इ ला ओ चालतो. अ़ ला मात्र अ़ च लागतो. ‘आनो’ आणि ‘आ़नो’ कवीच्या कानाला जुळत नाहीत. द आणि ड सुद्धा वेगळे. १९७९-८० मध्ये हद्रावी आणि गार्रिये या दोन मोठ्या कवींचा सहभाग असलेली ‘देल्लेय’ ही कवितांची साखळी सबंध द वर चालली. अनेक कवी तिच्यात उतरले आणि सगळ्यांनी द धरून ठेवला. तिथली माणसं गाडीत, चहाच्या टपरीवर जुन्या कविता ऐकत असतात. अर्थ कळायची वाट न पाहता ऐक. दर ओळीत एकच वर्ण हातोडीसारखा पडत असतो, तो कुठला ते ओळखायचा प्रयत्न कर. कान घडवायला याहून चांगला गुरू मला भेटला नाही.

शब्दाच्या शेवटचा अ़ म्हणजे ‘मगअ़’, नाव. आणि ‘क़ुफअ़’, खोकला. पेशंटला पहिला प्रश्न नावाचा, दुसरा बहुधा खोकल्याचा. एक सोय आहे. ‘तो अमुक’ असं सांगताना सोमालीत पुल्लिंगी नामाला ‘का’ लागतो, पण घशातल्या वर्णांनंतर त्या ‘का’चा क गळतो आणि नुसता स्वर उरतो: ‘मगअ़’चं ‘मगआ़’, ‘मदह़’चं ‘मदह़ा’. भाषा स्वतःच तिथे वाट मोकळी करून देते. शेवटचा अ़ जमत नसेल तेव्हा हे रूप वापर, पुढे स्वर आला की तो सुटसुटीत निघतो.

आता क़. उर्दू गझला लक्ष देऊन ऐकल्या असतील तर हा ओळखीचा निघेल. नसेल तर परत तीच लाकडी पट्टी. या वेळी जिभेचा पुढचा भाग खाली दाबून धर आणि ‘क’ म्हणायचा प्रयत्न कर. जीभ नेहमीच्या जागी उठू शकत नाही, ती मागे सरकते आणि पडजिभेला लागते. तोच क़. मात्र सोमालीतला क़ पुष्कळदा थोडा आवाजी निघतो, आणि आपल्या कानाला तो क पेक्षा ग च्या जवळचा वाटतो. म्हणून ही त्रयी पाठ कर: ‘गल’ म्हणजे आत ये. ‘गाल’ म्हणजे इस्लाम न मानणारा, काफिर. ‘क़ल’ म्हणजे काप. बकरा कापणं तेच, शस्त्रक्रिया करणं तेच, ‘क़ल्लीन’ म्हणजे ऑपरेशन. दाराशी घाबरून उभ्या असलेल्या बाईला तू ‘सो गल’ म्हणणार आहेस. ते आखूड हवं आणि पुढचा ग हवा. स्वर लांबला तर शिवी झाली, जीभ मागे गेली तर सुरी. निघायच्या आधी हे तीन शब्द आईला ऐकव. तिला सोमाली येत नसली तरी तीन वेगळे शब्द ऐकू आले पाहिजेत.

क़ चा सराव ‘क़न्डो’ने कर, म्हणजे ताप, त्यात क़ ही आहे आणि आपला ड ही. ‘क़ुफअ़’मध्ये क़ आणि अ़ दोन्ही, पुढून मागून. ते दोन शब्द नीट आले तर बाह्यरुग्ण विभागाचा निम्मा दिवस तुझा.

ख़ वर वेळ घालवू नकोस. तो बाहेरून आलेल्या शब्दांतच येतो, ‘डख़्तर’मध्ये, ‘तारीख़’मध्ये. पडजिभेपाशी खरवडायचा, आपला फुंकरीचा ख काढायचा नाही, बस. शब्दाच्या मधला झटका, जो ते वर स्वल्पविरामासारखी खूण करून लिहितात, तोही सोपा: ‘सु’आल’ म्हणजे प्रश्न, सु म्हणून श्वास तोड आणि आल म्हण. गुरांना म्हणतात ‘लो’’, शेवटी तोच तुटका श्वास.

स्वरांची लांबी मात्र हलक्यात घेऊ नकोस. ‘गल’ आणि ‘गाल’ तू पाहिलंस. ‘दद’ म्हणजे लोक, ‘दाद’ म्हणजे पुराचा लोंढा. ‘लब’ म्हणजे नर, ‘लाब’ म्हणजे छाती. इथे मराठी कानाला एक खोड आहे. आपल्याकडे अ आणि आ यांत लांबीइतकाच तोंडाच्या उघडण्यातही फरक असतो. सोमालीत आखूड स्वरालाही तोंड आ इतकंच उघडतं, फक्त वेळ अ चा घ्यायचा. तेव्हा वहीत मी ‘दद’ लिहिलं तरी तू ते पुटपुटल्यासारखं म्हणू नकोस, तोंड उघड. ए आणि ओ आपण कायम ताणून म्हणतो. त्यांच्याकडे दोन्ही आखूडही आहेत. आखूड ओ चा ‘क़ोर’ म्हणजे लिही, लांब ओ चा ‘क़ोर’ म्हणजे मान. देवनागरीत हा फरक दाखवायला खूण नाही, म्हणून वहीत लांब ए-ओ खाली रेघ मार. पुढे रोमन लिपीत गेलीस की तिथे लांब स्वर दोनदा लिहिलेला असतो, आणि त्या एका बाबतीत ती लिपी इतकी प्रामाणिक आहे की तुला वहीची गरज उरणार नाही. तेव्हा वही बंद कर. तिला फार दिवस धरून बसलीस तर ती कुबडी होईल.

व्यंजनंही दुप्पट होतात, आणि त्यात आपल्याला अडचण नाही. अण्णा, अम्मा, गर्रकन म्हणणाऱ्या तोंडाला काय अवघड? ‘इस्क वर्रन’ म्हणजे काय खबर, कसं आहे. तिथे र खणखणीत दुहेरी वाजव. एकेरी ‘वरन’ म्हणजे भाला. वयस्क बाईंना ‘एद्दो’ म्हण, आत्या, आणि वयस्क पुरुषांना ‘अदेर’, काका. एद्दोतला द दुहेरी, अदेरमधला एकेरी. ती म्हातारी उलट तुलाही ‘एद्दो’च म्हणेल तेव्हा गोंधळू नकोस, नात्याचा शब्द तिथे दोन्ही बाजूंनी चालतो, आत्या भाचीला त्याच शब्दाने हाक मारते.

राहिला सूर, तो लिहिलेला कुठेच नसतो. ‘इनन’ हा शब्द पहिल्या अवयवावर आवाज चढवून म्हटला तर मुलगा, दुसऱ्यावर चढवून म्हटला तर मुलगी. ‘अर्दय’ पहिल्यावर चढला तर एक विद्यार्थी, दुसऱ्यावर चढला तर अनेक. लिलियस आर्मस्ट्राँग या इंग्लिश ध्वनिशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली सोमालीच्या ध्वनींवर लेख लिहून हे चढउतार नोंदवले. आणि तू जातेयस प्रसूतिगृहात! बाळ हातात घेऊन आईला सांगायचं ते नेमकं याच शब्दात अडकतं. तुझा कान तयार होईपर्यंत ‘इनन’च्या वाटेला जाऊ नकोस. मुलाला ‘वील’ म्हण, मुलीला ‘गबड’. दोन्ही शब्द तिथे रोजचे आहेत आणि सुरावर अवलंबून नाहीत. पण ऐकताना मात्र ‘इनन’ सोडू नकोस. जवळच्या बाया बाळाबद्दल बोलत असतील तेव्हा आवाज कुठे चढला ते बघ, आणि मग दुपट्यात डोकावून आपण ओळखलं ते बरोबर होतं का ते पडताळ. सूर शिकायची इतकी नेमकी शाळा दुसरीकडे नाही.

सराव कुणाबरोबर करायचा तेही ठरव. सगळ्यांना विचारत सुटलीस तर प्रत्येक जण वेगळं सांगेल, कारण कुणी बुरओ़चं असेल, कुणी बोरामाचं, कुणी जिगजिगाचं. एक माणूस निवड, शक्यतो वॉर्डातली वयाने मोठी, स्पष्ट बोलणारी परिचारिका, आणि तिचाच कान प्रमाण मान. तिला रोज विचार: ‘मा सह़ बा?’ बरोबर आहे का? ‘सह़’च्या शेवटी ह़ आहे, म्हणजे प्रश्न विचारतानाच परीक्षा होते. ‘तर्तीब’ म्हणजे हळू, ‘मर कले’ म्हणजे पुन्हा एकदा. हे तीन शब्द जिभेवर असले की कुणीही तुला शिकवायला बसेल. तिथली माणसं चुकलं तर तोंडावर सांगतात, मोठ्याने सांगतात आणि दहा जणांत सांगतात. त्यात अपमान नसतो, त्यांना त्यांच्या भाषेचा अभिमान आहे आणि परकी मुलगी ती नीट बोलायला बघतेय याचं कौतुक आहे. ‘हो हो, कळलं’ म्हणून सोडून देऊ नकोस. तिथल्या तिथे पुन्हा म्हण, सह़ ऐकू येईपर्यंत.

इथून निघेपर्यंत बातम्या ऐक. बीबीसीची सोमाली सेवा १९५७ पासूनची आहे. बातम्या देणाऱ्यांचा उच्चार ठाशीव असतो, आणि मह़मेद, अ़ली, ह़सन, मुक़्दिशो ही नावं सारखी येतात. नावं तुला आधीच माहीत असल्याने कान त्यांच्यावर टेकतो आणि त्यांच्या आजूबाजूचे वर्ण सुटे व्हायला लागतात. अर्थाच्या मागे लागू नकोस. भांडी घासताना लावून ठेव.

आणखी एक गोष्ट. हर्गेसात दक्षिणेतून विस्थापित होऊन आलेली माणसं पुष्कळ आहेत, जुबा आणि शेबेले या दोन नद्यांमधल्या मुलखातली, बय्डबोकडची. त्यांच्यातल्या पुष्कळांची भाषा ‘माय’ आहे. ती सोमालीची सख्खी, पण तिच्यात ह़ आणि अ़ हे दोन्ही वर्णच नाहीत. तू एवढ्या कष्टाने कमावलेला ‘मदह़’ अशा बाईसमोर म्हणालीस आणि ती गप्प राहिली, तर आवाज वाढवून पुन्हा तेच म्हणू नकोस, आणि तिच्या तोंडी ह़ आला नाही म्हणून ती चुकीचं बोलतेय असं तर मनातही आणू नकोस. बोटाने डोकं दाखव, तिचा शब्द ऐक, आणि वहीच्या मागच्या बाजूने एक नवीन पान तिच्या भाषेसाठी उघड.